उलटा पेला

खुर्च्या-टेबलांना पॉलिश करणाऱ्या एका दुकानाच्या डोक्यावर ती लांबट खोली होती. जिना बाहेरून. चढताना पॉलिशचा वास नाकात शिरायचा आणि घरी जेवायला बसेपर्यंत सोबत यायचा. खोलीत सहा टेबलं, बारा खुर्च्या, कोपऱ्यात पाण्याचं पिंप आणि त्यावर उपडे ठेवलेले काचेचे सात-आठ पेले. दुपारी चारला दार उघडायचं, आठला बंद व्हायचं. मधल्या वेळात तिथं बुद्धिबळ चालायचं, आणि डाव चालू असताना शिंकसुद्धा माफी मागून दिली जायची.

या खोलीचा सर्वांत मोठा नियम भिंतीवर कुठं लिहिलेला नव्हता. हरलेला डाव ओढायचा नाही. हार दिसली की राजा दोन बोटांत धरायचा, हलकेच आडवा करायचा आणि म्हणायचं, "तुमचा डाव." जिंकणाऱ्यानं उभं राहून हात मिळवायचा, आणि दोघांच्याही सोंगट्या पुन्हा त्यानंच मांडायच्या. हरलेल्याला ओझं नको. एवढं सोपं. पण एखादा ओढत बसलाच, तर बघणाऱ्यांपैकी कुणीतरी पिंपावरचा पेला उचलून आणायचं आणि त्याच्यासमोर टेबलावर उलटा ठेवायचं. तोंडानं काही बोलायचं नाही. उलटा पेला म्हणजे, पुरे झालं, उठा आता. तो पेला बघून भल्याभल्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या त्या खोलीनं पाहिल्या होत्या.

ही रीत आणली कवळीवाल्यांनी.

कवळीवाले म्हणजे दातांच्या दवाखान्यातले कारागीर. अडतीस वर्षं. डॉक्टर पुढच्या खोलीत लोकांचे दात काढायचे आणि हे मागच्या खोलीत त्यांना नवे करून द्यायचे. प्लास्टरचे जबडे ओळीनं फळीवर मांडलेले, प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली. मेणाची हिरडी कोरायची, त्यात दात एकेक करून बसवायचे, एखादा मुद्दाम किंचित तिरपा, म्हणजे खोटेपणा दिसत नाही. गावातली निम्मी म्हातारी माणसं त्यांच्या हातची हसायची. खोलीत कुणी एखाद्याच्या चुकलेल्या खेळीवर खिदळलं की कवळीवाले म्हणायचे, "हसतील त्यांचे दात दिसतील. आणि दिसले की मी ओळखीन, माझेच आहेत."

माणूस देखणा नव्हता, पण उठून जावं कसं हे त्यांच्याकडून शिकावं. लग्नाला गेले तर पंगत रंगात असताना निघायचे, लोक "अहो, बसा की" म्हणत असताना. कुणी चला म्हणायची वेळ त्यांनी आयुष्यात येऊ दिली नाही. नटालाही हे साधत नाही हो. टाळ्या थांबल्या तरी विंगेत जायला पाय उचलत नाही. यांचा पाय आधीच उचललेला असायचा. थोरले डॉक्टर गेले, मुलगा गादीवर आला, आणि एके दिवशी तो सहज बोलून गेला की हल्ली कवळ्या बाहेरूनही करून मिळतात. दुसऱ्या दिवशी सकाळी कवळीवाले आपली हत्यारं पिशवीत भरून त्याच्यासमोर उभे. तो पोरगा गडबडला. "अहो काका, मी नुसतं विचारत होतो." काकांनी हात मिळवला आणि बाहेर पडले. फळीवर सहा जबडे अर्धवट राहिले ते राहिले.

या सगळ्याचं मूळ भिंतीवरच्या एका फोटोत होतं. तीस वर्षांपूर्वी खोलीनं एक स्पर्धा भरवली होती, आणि शेवटचा डाव कवळीवाल्यांचा आणि बाहेरगावाहून आलेल्या एका नामांकित वकिलांचा झाला. खोली माणसांनी फुटायला आली होती. वकिलांचा वजीर आणि उंट, यांच्याकडे एक हत्ती आणि तीन अडकलेली प्यादी. पुढच्या खेळीला मात. कवळीवाल्यांनी पटाकडे पाहिलं, राजा दोन बोटांत धरला आणि एखादं झोपलेलं मूल अंथरुणावर ठेवावं तसा आडवा केला. "तुमचा डाव." वकील उठून उभे राहिले आणि म्हणाले, "हरावं तर असं." मग ज्या टाळ्या पडल्या, त्या ऐकून खालच्या दुकानदारानं पॉलिशचा बोळा टाकून वर धाव घेतली. नेमक्या त्या क्षणाचा फोटो. राजा आडवा, दोन बोटं अजून त्याच्यावर, आणि कवळीवाल्यांच्या चेहऱ्यावर जिंकलेल्याचं हसू.

नवा माणूस खोलीत आला की कवळीवाले त्याला फोटोखाली बसवायचे आणि तो शेवटचा डाव पटावर मांडून दाखवायचे. पाठ होता. बोटांनाच पाठ होता.

आता या देवळात एक पापी होता. तो डिंक.

डिंक म्हणजे पोस्टमन. तिकिटं चिकटवणाऱ्या खात्यातला आणि स्वतःही चिकट, म्हणून डिंक. कवळीवाल्यांहून दोन वर्षांनी लहान, पण खोलीत त्यांना सगळे अहोजाहो करायचे आणि याला अरेतुरे. पत्ता चुकीचा असला तरी तीन दारं वाजवल्याशिवाय त्यानं कधी पत्र परत नेलं नाही. खेळही तसाच. वजीर गेला, हत्ती गेले, राजा एकटा पटभर पळतोय, तरी डिंक विचार करत बसलेला. कवळीवाले पेला आणून त्याच्यापुढं उलटा ठेवायचे. डिंक शांतपणे तो सुलटा करायचा, पिंपापाशी जाऊन भरून आणायचा, घटाघटा प्यायचा आणि म्हणायचा, "बरं झालं, तहान लागलीच होती." आणि पुढची खेळी. मात झाल्यावरच उठायचा. वर्षातून एखादा असा मेलेला डाव जिंकायचाही, पण खोलीत त्याला जिंकणं म्हणत नसत.

"अरे, तुला लाज कशी वाटत नाही?" कवळीवाले विचारायचे.

"मात झाली की वाटते ना," डिंक म्हणायचा. "आधी कशाला?"

कवळीवाल्यांची बायको टेलिफोनच्या कचेरीत होती. कानाला ते यंत्र लावून सत्तावीस वर्षं तिनं गावाची माणसं एकमेकांना जोडून दिली. आवाज असा, की लोक चुकीचा नंबर सांगून पुन्हा फोन करायचे. घरात तर ती बोलायची आणि हे ऐकायचे. मूलबाळ नव्हतं, पण त्या घरात कधी शांतता म्हणून नव्हती. डिंक आणि उलट्या पेल्याचे किस्से ऐकून ती पोट धरून हसायची. तिनं तर ती रीत घरी आणली. पाहुण्यांसमोर कवळीवाले फोटोची गोष्ट सांगू लागले, आणि वकील उठून उभे राहायच्या आतच लांबली, की ही हातातला पेला रिकामा करून त्यांच्यापुढं टेबलावर उलटा ठेवायची. पाहुणे हसायचे. कवळीवाले हात जोडून म्हणायचे, "तुमचा डाव," आणि गप्प बसायचे.

मग एका सकाळी तिच्या हातातलं दुधाचं भांडं सुटलं. उचलायला वाकली ती वाकलीच. दवाखान्यातून तीन आठवड्यांनी घरी आली तेव्हा उजवा हात गेला होता आणि बोलणं गेलं होतं. समजायचं सगळं. डोळे तेच होते. तोंडातून मात नुसता वारा यायचा.

डिंकानं दुसऱ्याच दिवशी एका बाईंचा पत्ता आणून दिला. त्याच्या थोरल्या बहिणीचं असंच झालं होतं. या बाई घरी येऊन बोलायला पुन्हा शिकवायच्या. "दहा महिने लागले," डिंक म्हणाला, "पण आता ताई मला रोज शिव्या घालते. स्पष्ट."

बाई आठवड्यातून तीनदा येऊ लागल्या. चित्रांची कार्डं घेऊन. पाणी, पेला, दार, बटाटा. "ओठ मिटा. आता सोडा. पा." आणि ती सत्तावीस वर्षं बोललेली बाई तान्ह्या मुलासारखे ओठ मिटायची, सोडायची, आणि हनुवटीवर लाळ ओघळायची. कवळीवाले दारात उभे राहून बघायचे. अडतीस वर्षं त्यांनी माणसांची तोंडं हाताळली होती, पण प्लास्टरची. ती तोंडं धडपडत नसत.

सहा आठवडे झाले. "पा" जमला होता, कधी जमायचा, कधी नाही. एका दुपारी तिनं "पाणी" म्हणायला सुरुवात केली आणि "पा… पा… बा…" वरच अडकली. पुन्हा. पुन्हा. चेहरा लालबुंद झाला आणि डोळ्यांतून पाणी आलं. कवळीवाल्यांना ते बघवेना. त्यांच्या मनात जे स्वच्छपणे उमटलं ते असं, की हा डाव संपलेला आहे आणि या भल्या बाई तो ओढताहेत.

"बाई, पुरे," ते म्हणाले. "उद्यापासून नका येऊ."

बाई चमकल्या. "अहो, आत्ता तर कुठं सुरुवात आहे. पहिले सहा महिनेच मोलाचे असतात. त्या दमल्यात असं त्या म्हणाल्या का तुम्हाला?"

"ती कशी म्हणेल?" कवळीवाले म्हणाले, आणि यावर कुणाकडे काय उत्तर असणार, अशा चेहऱ्यानं उभे राहिले.

बायकोच्या डाव्या हातात पाण्याचं कार्ड होतं. ते बाईंना परत द्यावं म्हणून त्यांनी ओढलं तर सुटेना. आजारानं बोटं आखडली असतील, असं समजून त्यांनी ती एकेक करून उघडली. बाई म्हणाल्या, "राहू द्या कार्डं इथंच." कवळीवाल्यांनी त्यांना दारापर्यंत सोडलं, आभार मानले, "तुम्ही फार केलंत" म्हणाले. एक शब्द वावगा नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी खोलीत सांगितलं. "मी मान्य केलं. तिची विटंबना बघवत नव्हती." सगळ्यांनी माना डोलावल्या. एकजण म्हणाला, "हे तुम्हीच करू जाणे." डिंकानं तेवढी डोलावली नाही. पुढं आठ दिवस आलाही नाही.

याला दोन वर्षं लोटली. घरात आता शांतता होती, आणि कवळीवाले तिला शोभा म्हणत. बायकोला सकाळी खिडकीशी बसवायचं, जेवण भरवायचं, केस विंचरायचे. कशात कसूर नाही. ती त्यांच्याकडे बघायची, आणि ते समजायचे की ती कृतज्ञ आहे.

तर एके दिवशी डिंक खालच्या पॉलिशवाल्याशी खेळत होता. डाव पार गेलेला. पॉलिशवाल्याकडे वजीर आणि हत्ती, डिंकाकडे राजा आणि एक प्यादं. कवळीवाले उठले, पेला आणला, उलटा ठेवला.

डिंकानं तो सुलटा केला नाही. हातही लावला नाही. नुसता बघत राहिला.

"वहिनी कशा आहेत?" त्यानं विचारलं.

"आहे तशीच. का?"

"काल पत्र द्यायला गेल्यासारखा तुमच्या खिडकीखालून गेलो. बसल्या होत्या. मी हात केला. त्यांचे ओठ हलले."

"हलतात कधी कधी. त्याला काही अर्थ नसतो."

"ओठ मिटून सोडले त्यांनी, कवळीवाले. 'पा' म्हणतात तसे."

कवळीवाल्यांचा आवाज चढला नाही, पण थंड झाला. "डिंक, तू आपला डाव बघ. तो संपलाय. काही गोष्टी मान्य करायला मोठं मन लागतं. ते तुला कळायचं नाही."

"बरं." डिंकानं बाजूच्या टेबलाकडे मान केली. "तुमचा तो फोटोतला डाव मांडा बघू."

खोलीतल्यांना गंमत वाटली. पॉलिशवाला म्हणाला, "घ्या, आता हा वकिलांशीही चिकटणार." कवळीवाल्यांनी डाव मांडला. बोटं आपोआप फिरली. राजा कोपऱ्यात, प्यादी अडकलेली, हत्ती मोकळा.

"खेळी तुमची," डिंक म्हणाला.

"माझी खेळी कसली? पुढच्याला मात आहे."

"आहे. पण ही तुमची आहे ना? राजाला घर आहे का जायला?"

"नाही."

"प्यादी हलतात?"

"नाही. म्हणून तर…"

डिंकानं कवळीवाल्यांचा हत्ती उचलला आणि वकिलांच्या राजाला अगदी खेटून ठेवला. "शह. घ्या, मारा."

"फुकटचा देतोस? मारला." कवळीवाल्यांनी पलीकडच्या राजानं हत्ती मारला.

"आता तुमच्या बाजूची खेळी करा."

कवळीवाल्यांनी हात पुढं केला आणि तो हवेतच राहिला. राजा हलत नव्हता. प्यादी हलत नव्हती. राजाला शह नव्हता. खेळीच नव्हती. आणि जिथं खेळीच उरत नाही तिथं डाव बरोबरीत सुटतो, हे खोलीत पहिल्या दिवशी आलेल्यालाही शिकवलं जायचं. फोटोखाली बसवून, कवळीवालेच शिकवायचे.

"नाही मारला तर?" ते म्हणाले.

"मग हत्ती पुन्हा खेटून शह देतो. जिथं जाईल तिथं. कुठवर पळेल?"

पॉलिशवाला भोळा माणूस. "म्हणजे," तो म्हणाला, "तुम्ही हरलाच नव्हतात?"

कवळीवाले डिंकाकडे बघत होते. "हे तुला कधी कळलं?"

"त्याच दिवशी. तुमच्या खुर्चीमागं उभा होतो मी. डाव चालू असताना बोलायचं नाही, तुमचाच नियम."

"आणि संपल्यावर?"

"टाळ्या वाजत होत्या."

"तीस वर्षं?"

"तुम्ही खुशीत होतात. डाव तुमचा, राजा तुमचा. तुम्हाला आडवा करावासा वाटला, केलात. मी कशाला मध्ये पडू?" डिंकानं हत्ती उचलून हातात घोळवला. "पण वहिनींच्या पटाला तुम्ही हात लावलात. खेळत होत्या त्या. लाळ गळत होती, रडत होत्या, पण खेळत होत्या. दुसऱ्याचा राजा आडवा करायचा नसतो, कवळीवाले. एवढं तर लहान पोरंही पाळतात."

एवढं बोलून त्याचंच तोंड उतरलं. हत्ती खाली ठेवला, आपल्या टेबलापाशी गेला, उलट्या पेल्यासमोर बसला आणि राजाची खेळी केली. अकरा खेळ्यांनी मात झाली. मग उठून गेला.

कवळीवाले त्या दिवशी आठपर्यंत थांबले. पहिल्यांदाच. दिवे बंद करायला माणूस आला तेव्हा त्याला म्हणावं लागलं, "अहो, निघायचं ना?"

फोटो काही कुणी काढला नाही. नवा माणूस आला की अजूनही त्याखाली बसवतात आणि वकिलांचं ते वाक्य सांगतात. गोष्ट चांगली आहे ना. हत्तीचं कुणी सांगत नाही.

कार्डं दातांच्या रंगांच्या पट्ट्या ठेवायच्या डब्यात सापडली. कवळीवाले बाईंकडे गेले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "दोन वर्षं फार झाली," त्या म्हणाल्या. "मी खोटी आशा दाखवणार नाही. तेव्हा त्यांना स्वतःला हवं होतं, ते सगळ्यांत मोठं असतं. आता त्यांना हवंय का, ते तुम्हीच बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बायकोच्या खुर्चीसमोर स्टूल ओढलं, मध्ये छोटं टेबल घेतलं आणि पाण्याचं कार्ड तिच्यासमोर धरलं. "पा," ते म्हणाले. "ओठ मिट. सोड. पा."

तिनं कार्डाकडे बघितलं. मग त्यांच्याकडे. ओठ हलले नाहीत. डिंकानं हात केल्यावर हललेले ओठ मिटलेले राहिले, फळीवरच्या प्लास्टरसारखे.

"चुकलं माझं," ते म्हणाले. तिनं डोळे मिटले.

ते रोज बसू लागले. सकाळी तास, दुपारी तास. खोलीत जाणं सुटलं. पाणी, पेला, दार, बटाटा. स्वतःच ओठ मिटायचे, सोडायचे, स्वतःच्याच हनुवटीवर कधी थुंकी उडायची, पुसायचे. घरात पुन्हा आवाज सुरू झाला होता, फक्त तो यांचा होता आणि चार शब्दांचा होता. समोरून काहीच नाही. ती खिडकीबाहेर बघायची. एखादे वेळी त्यांच्या तोंडाकडे बघत राहायची, फार लक्ष देऊन, आणि कवळीवाल्यांच्या जिवात जीव यायचा. मग ती नजर काढून घ्यायची.

दहाव्या दिवशी त्यांनी तिला पेल्यातून पाणी पाजलं आणि पेला टेबलावर ठेवून कार्ड उचललं. "पा," ते म्हणाले. "पा-णी. अगं, एकदा. एकदाच म्हण."

तिनं डावा हात पुढं केला. पेला धरला. तळाशी राहिलेला घोट स्वतः प्यायली, सावकाश, एक थेंब न सांडता. आणि तो पेला त्यांच्यासमोर टेबलावर उलटा ठेवला.

कवळीवाले बघत राहिले. आयुष्यभरात किती जणांपुढं त्यांनी तो ठेवला होता. त्यांच्यापुढं तो यायचा तो पाहुण्यांसमोर, थट्टेत; खरोखरीचा या बाजूनं कसा दिसतो हे त्यांना माहीत नव्हतं. काचेच्या आत एक थेंब काठापर्यंत उतरत आला आणि टेबलावर त्याचं अर्धं कडं उमटलं. तिचे डोळे त्यांच्यावर होते. त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. लग्नाच्या पंगतीतून ते स्वतः ज्या नजरेनं यजमानांचा निरोप घ्यायचे, तशी ती नजर होती, सभ्य.

त्यांचे दोन्ही हात सवयीनं जोडले जाऊ लागले. "तुमचा" हा शब्द ओठांपर्यंत आलाही. तिथंच त्यांनी तो गिळला.

त्यांनी पेला सुलटा केला. स्वयंपाकघरात जाऊन भरून आणला. तहान नव्हती, तरी उभ्यानं अर्धा प्याले. उरलेला तिच्यासमोर ठेवून स्टुलावर बसले आणि कार्ड पुन्हा धरलं.

तिनं तोंड खिडकीकडे फिरवलं.

"पा," कवळीवाले म्हणाले, आणि तिच्या खेळीची वाट बघत बसले.